हिबाची म्हणजे शेगडी, मग आपण जेवलो ते कशावर?

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या होत्या. त्याच सुमारास एका मित्राचा पन्नासावा वाढदिवस आला आणि मंडळींनी ठरवलं, यंदा 'हिबाची'ला जायचं. आम्ही सहा जण. बुकिंग साडेसातचं, पोचलो सात पंचवीसला, बसायला मिळालं आठ वाजता. मधला सगळा वेळ दाराशी उभे. आणि समोर दोन टेबलं चक्क रिकामी.

"अगं, जागा आहे की. मग थांबवलंय कशाला?" आईंचा प्रश्न.

आठला पाच कमी असताना एक अनोळखी जोडपं आलं. काउंटरवरच्या मुलीने त्यांना आमच्यात मिळवलं, बोटाने आठ डोकी मोजली आणि हसून म्हणाली, चला. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हे तर वडापच झालं."

सांगली-कोल्हापूरकडची मंडळी आत्ताच हसली असतील. बाकीच्यांसाठी सांगते: वडाप म्हणजे गावोगाव फिरणारी खाजगी जीप. तिला वेळापत्रक नसतं. भरली की सुटते. आईंनी ते वाक्य गमतीने टाकलं, पण व्यवस्थापन शिकवणारे प्राध्यापक ज्या गोष्टीवर तासभर बोलतात ती त्यात अख्खी आली होती. त्याकडे पुढे येतेच. आधी नावाचा घोळ निस्तरू, कारण अमेरिकेत ज्याला हिबाची म्हणतात ती हिबाची नाहीच.

शेगडी आणि तवा

जपानी भाषेत 'हि' म्हणजे अग्नी, आणि 'हाची' म्हणजे खोलगट भांडं. जोडशब्दात 'हाची'चा 'बाची' होतो. हिबाची म्हणजे विस्तवाचं भांडं, आपली शेगडी. त्यातही स्वयंपाकाची कमी आणि ऊब घेण्याची जास्त. चिनी मातीचं, लाकडाचं किंवा धातूचं भांडं घ्यायचं, त्यात राख भरायची, राखेवर पेटते कोळसे ठेवायचे आणि भोवती हात शेकत बसायचं. फार तर वर चहाच्या पाण्याची किटली. हेआन काळापासून, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीपासून, ही वस्तू जपानी घरांत होती. काश्मिरी माणसाची कांगडी आठवा. ती फेरनच्या आत असते, ही खोलीच्या मध्यभागी.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परसदारी मांस भाजण्यासाठी छोट्या बिडाच्या शेगड्या खपू लागल्या. त्या 'हिबाची' नावाने विकल्या जात, आणि तेव्हापासून 'हिबाची म्हणजे जपानी पद्धतीने भाजणं' हे समीकरण इथे बसलं ते बसलंच.

आमच्यासमोर मात्र कोळसा नव्हता आणि जाळीही नव्हती. होता एक भलामोठा सपाट तवा, खाली गॅस. या प्रकाराचं खरं नाव तेप्पानयाकी. 'तेप्पान' म्हणजे लोखंडी पत्रा, 'याकी' म्हणजे भाजलेलं. तव्यावरचं, इतकंच. चौपाटीवरच्या तवा पुलावाला कोणी शेगडी पुलाव म्हणावं, तशातली गत. जपानमध्ये जाऊन हिबाची खायची आहे म्हणालात, तर समोरचा माणूस विचारात पडेल. अमेरिकेपुरतं बोलताना मात्र इथली सगळी जनता ज्याला हिबाची म्हणते त्याला मीही तेच म्हणणार आहे. भाषेत बहुमत चालतं.

हा तवा टेबलावर आणला कोणी?

जपान हा मुळात गोमांस खाणारा देश नव्हे. 675 साली सम्राट तेन्मू यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली. वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरतीच, पण बौद्ध विचारांचा पगडा वाढत गेला तसा मांसाहार, निदान उघडपणे, कमी होत गेला. 1872 मध्ये सम्राट मेइजी यांनी स्वतः गोमांस खाल्लं आणि ते जाहीर केलं, तेव्हा कुठे पाश्चात्त्यांसारखं खाणं हे प्रगतीचं लक्षण मानलं जाऊ लागलं. म्हणजे 'जपानी स्टेक' ही परंपरा फार तर आपल्या पणजोबांच्या काळातली.

1945 साल. युद्ध हरलेला जपान, कोबे शहर बॉम्बने जळालेलं. तिथे मिसोनो नावाचं एक छोटं खाणावळवजा दुकान सुरू झालं. मालक शिगेजी फुजिओका. तव्यावर पाश्चात्त्य वळणाचे पदार्थ गिऱ्हाइकासमोर करून वाढायला आपणच सुरुवात केली, असा मिसोनोचा दावा आहे. गंमत अशी की जपानी गिऱ्हाइकापेक्षा परदेशी गिऱ्हाइकालाच हे जास्त भावलं. मांस, कोळंबी, भाज्या हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं, आणि कालथे-सुऱ्यांची करामत फुकट बघायला मिळत होती.

ही करामत अमेरिकेत धंद्याला लावली हिरोआकी आओकी यांनी. टोपणनाव रॉकी. कुस्तीगीर माणूस, कुस्तीच्या निमित्तानेच अमेरिकेत आलेला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गाडीवर आइस्क्रीम विकून त्यांनी 10,000 डॉलर साठवले आणि 1964 मध्ये मॅनहॅटनच्या वेस्ट 56 व्या रस्त्यावर चार टेबलांचं रेस्टॉरंट काढलं. नाव बेनिहाना, वडिलांच्या टोकियोतल्या कॉफीच्या दुकानाचं. सुरुवातीचे महिने तोट्यात गेले. मग न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनमध्ये तोंडभरून कौतुक छापून आलं आणि दाराशी रांगा लागल्या.

'बेनिहाना'चा अर्थ कळला तेव्हा मला फार गंमत वाटली. तांबडं फूल. तांबडं म्हणजे कुठलं? करडईचं! जपानमध्ये करडईच्या पाकळ्यांपासून ओठ रंगवायचा आणि किमोनोचा लाल रंग काढत. आपल्या सोलापूर-मराठवाड्यात जिचं तेल निघतं आणि जिची कोवळी पानं भाजीला जातात, तीच ही करडई. त्या चार टेबलांची पुढे साखळी झाली, आणि 2024 मध्ये ती 36.5 कोटी डॉलरला विकली गेली. आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्या शेतात बांधाला लावायचो करडई. काटेरी असते, जनावर आत येत नाही."

रिकामी टेबलं असताना का थांबवतात?

आता वडापकडे.

आओकी यांनी अमेरिकन गिऱ्हाईक नीट ओळखलं होतं. त्याला वातावरण परकं चालतं, आवडतंसुद्धा. ताटात परकं काही आलेलं मात्र चालत नाही. म्हणून भिंती, कंदील, पोशाख जपानी, आणि जेवायला स्टेक, चिकन, कोळंबी. कच्चा मासा नव्हता, शेवाळ नव्हतं. यादी इतकी आखूड की पुरवठादारही मोजकेच लागत आणि रात्री उरून फुकट जाणारं सामानही कमी.

मग जागेचा हिशोब. नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये साधारण 30 टक्के जागा स्वयंपाकघर, कोठी वगैरेंकडे जाते. तिथे गिऱ्हाईक बसत नाही, पण भाडं त्याही जागेचं भरावं लागतं. बेनिहानाने स्वयंपाकघरच जेवणाऱ्यांमध्ये आणून ठेवलं. मागे उरली ती फक्त चिरण्या-धुण्याची, भाताची आणि सुपाची जागा, म्हणून हे प्रमाण 22 टक्क्यांवर आलं. हे आकडे हार्वर्ड बिझनेस स्कूलने 1970च्या दशकात केलेल्या अभ्यासातले आहेत. तो अभ्यास व्यवस्थापनाच्या वर्गांतून अजूनही शिकवला जातो.

पण यात एक अडचण येते. साध्या हॉटेलात एक आचारी आत उभा राहून वीस टेबलांची ऑर्डर सांभाळतो. इथे आचारी एका टेबलाला बांधलेला. दोघांसाठी तो तासभर अडकला तर मालकाचं दिवाळं निघेल. आठ खुर्च्या आणि एक आचारी असेल तर आठही खुर्च्या भरल्याच पाहिजेत. म्हणून तुम्हाला थांबवतात. थांबवतात कुठे? बहुतेक ठिकाणी बारमध्ये. म्हणजे गाडी भरेपर्यंतचा वेळही वाया जात नाही, तिथे पेयांचं बिल चढत असतं.

व्यवस्थापनाच्या भाषेत याला बॅचिंग म्हणतात, एकेक नग न करता घाणे काढणं. आपल्याकडे पंगत नेमकी हेच करते. पान मांडलंय म्हणून पहिल्या पाहुण्याला लगेच वाढत नाहीत. पंगत भरते, मग मीठ-लिंबापासून सुरुवात होते, आणि एकाचं जेवण झालं तरी तो एकटा उठत नाही.

उठण्यावरून आठवलं. त्या रात्री शेफने शेवटची कोळंबी वाढली, तवा खरवडला, टोपी काढून कमरेत वाकून नमस्कार केला आणि गाडा ढकलत निघून गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या दहा मिनिटांत टेबल रिकामं! कोणी 'उठा' म्हटलं नव्हतं. बिलाची घाईही केली नव्हती. पण नाटक संपल्यावर पडद्याकडे बघत कोण बसून राहतं? चार मित्र भेटले की गप्पा रंगतात, कॉफीवर कॉफी होते, टेबल दोन-दोन तास अडतं. इथे गप्पांची जागा खेळाने घेतलेली असते, आणि खेळाला ठरलेला शेवट असतो. साधारण तासाभराचा.

म्हणून मला वाटतं, कालथ्यांची ती टणटण, उडवलेलं अंडं, डोक्यावरच्या टोपीत झेललेली कोळंबीची शेपटी ही जेवणावरची कोथिंबीर नव्हे. सगळा गाडा त्यावर चालतो. थांबलेल्या माणसाला थांबल्याचं वाईट वाटू नये, अनोळखी माणसाशेजारी बसल्याचा संकोच जावा, आणि वेळेवर उठताना उठवल्यासारखं वाटू नये, ही तिन्ही कामं खेळ करतो. आमच्या शेजारचं जोडपं पहिली दहा मिनिटं मोबाइलमध्ये होतं. शेफने त्यातल्या नवऱ्याच्या तोंडात भाजीचा तुकडा लांबून फेकला, त्याचा नेम चुकून तो तुकडा आमच्या वाढदिवसवाल्याच्या चष्म्यावर बसला, आणि त्यानंतर आम्ही आठ जण एकाच घरचे.

(तोंडात खाणं फेकण्याचा हा प्रकार कोर्टापर्यंत गेलेला आहे. 2001 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर उडत आलेली कोळंबी चुकवताना मान दुखावली आणि पुढे त्याच गुंतागुंतीत माणूस गेला, असा दावा एका कुटुंबाने केला होता. 2006 मध्ये ज्युरीने निकाल रेस्टॉरंटच्या बाजूने दिला. तुम्ही मान हलवून 'नको' म्हणालात, तर शेफ अजिबात आग्रह करत नाही.)

एवढा जाड तवा कशासाठी?

तेप्पानची जाडी साधारण 20 मिलिमीटर असते. एक मीटर लांब-रुंद आणि इतका जाड पोलादी पत्रा तोलला, तर वजन 157 किलोच्या आसपास भरतं. घरचा भाकरीचा तवा दीड-दोन किलोचा. इथे फरक नुसता आकाराचा नाही. तापलेलं लोखंड ही उष्णतेची कोठी असते. घरच्या पातळ तव्यावर फ्रिजमधून काढलेली कोळंबी घातली की कोठी लगेच रिती होते, तवा गार पडतो, कोळंबीला पाणी सुटतं आणि ती त्या पाण्यातच शिजते. पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. मग खमंगपणा कुठून यायचा?

खमंगपणाला पृष्ठभागाचं तापमान साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे लागतं. तिथे प्रथिनांतले घटक आणि साखर यांची प्रक्रिया वेगाने होऊन पदार्थ तांबूस होतो आणि तो ओळखीचा भाजल्याचा वास सुटतो. लुई-कामी माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. भाकरीवरचे डाग आणि कांदा परतल्यावर येणारा तांबूसपणा हीसुद्धा बरीचशी तिचीच करणी. दीडशे किलोचा तवा आठ माणसांची कोळंबी अंगावर घेऊनही या रेषेच्या खाली येत नाही.

सुरुवातीला शेफ तव्यावर थोडं पाणी शिंपडतो. आपणही घावन घालण्याआधी तेच करतो. तवा मध्यम तापलेला असेल तर पाणी चर्रकन आवाज करून उडून जातं. पण तो साधारण 200 अंशांपुढे गेला की उलटंच होतं. पाण्याचे मोती होतात आणि तव्यावर पळत सुटतात, जास्त वेळ टिकतात. थेंब तव्याला टेकताक्षणी त्याच्या तळाची वाफ होते, आणि त्या वाफेच्या गादीवर उरलेला थेंब अलगद तरंगतो. वाफेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून थेंब लवकर आटत नाही. योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टराने 1756 मध्ये हे लिहून ठेवलं. मोती पळताना दिसले की शेफला थर्मामीटर लागत नाही.

तवा सगळीकडे सारखा तापलेला नसतो, तेही मुद्दाम. आग मधोमध असते, कडा त्या मानाने गार. मांस मध्यावर, झालेला भात कडेला. आमचा शेफ एकदाही काही उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवत नव्हता, नुसतं सरकवत होता. पावभाजीवाला भाजी कडेला लोटून मध्ये पाव शेकतो ना, तसंच.

कांद्याचा ज्वालामुखी पेटतो कसा?

कांद्याच्या पाच-सहा चकत्या घेऊन मोठीवर छोटी अशी उतरंड रचतात. पोकळ मध्यात थोडं तेल आणि थोडं मद्य ओततात आणि पेटवतात. हातभर ज्वाळा उठते, पोरं किंचाळतात, सगळ्यांचे मोबाइल वर.

मद्यातलं अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, म्हणजे या तव्यावर त्याची क्षणात वाफ होते. पेटते ती ही वाफ. पण ठिणगीशिवाय आपोआप पेटायला तिला साडेतीनशे अंशांच्या पुढे जावं लागतं आणि तवा तितका तापलेला नसतो, म्हणून शेफ लायटर लावतो. द्रव असतो चमचाभर, त्यामुळे ज्वाळा काही सेकंदांतच विझते. मग तो आत पाणी सोडतो, कांद्याच्या टोकातून वाफ निघते, आणि उतरंड कालथ्याने ढकलत तो 'झुकझुक गाडी' करतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाणी ज्वाळा विझल्यावर सोडलेलं असतं. घरी कढईतलं तेल पेटलं तर त्यावर पाणी कधीही ओतू नका. पाण्याची वाफ होताना ते सुमारे 1700 पट फुगतं आणि पेटतं तेल घरभर उडवतं. गॅस बंद करायचा आणि वर झाकण ठेवायचं. तिथे प्रत्येक तव्याच्या डोक्यावर धूर ओढणारं धुराडं असतं आणि आग विझवण्याची यंत्रणा असते. आपल्या किचनमध्ये पडदे असतात.

"पण हे खरं जपानी नाहीच"

नाहीच. जपानमधलं तेप्पानयाकी बहुधा मोठ्या हॉटेलांत असतं, महाग असतं आणि शांत असतं. शेफ कमी बोलतो, मांसाचा तुकडा तुम्हाला आधी दाखवतो, आणि कौशल्य काय ते कापण्यात आणि नेमक्या क्षणी उचलण्यात. अंडी उडत नाहीत. आणि इथे ज्या फिकट गुलाबी 'यम यम' सॉसवर अमेरिकन लोक जीव टाकतात, तो जपानी माणसाला बाटली दाखवूनही ओळखू यायचा नाही. मेयॉनीजमध्ये साखर, टोमॅटो आणि पाप्रिका.

तरी या आक्षेपात मला फारसा दम वाटत नाही. आपल्या पावभाजीतले बटाटा, टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातले, पाव पोर्तुगिजांबरोबर आलेला. म्हणून ती मुंबईची नाही का? हिबाची ही न्यूयॉर्कमध्ये एका जपानी माणसाने अमेरिकनांसाठी घडवलेली गोष्ट आहे. तव्यामागचा शेफही आज जपानीच असेल असं नाही. आमचा मेक्सिकोचा होता आणि 'आरिगातो' (जपानीत धन्यवाद) त्याने आमच्याइतक्याच उत्साहाने म्हटलं.

"तवा धुतात का गं कधी?"

खरा प्रश्न हा, आणि तो आईंनी सगळ्यांसमोर मराठीत विचारला. त्या माळकरी. मी शाकाहारी पर्याय आहे हे बघून ठेवलं होतं आणि तेवढ्यावर खूश होते. यादीत 'टोफू आणि भाज्या' होतंही. पण तो टोफू ज्या तव्यावर येणार, त्याच तव्यावर शेजारच्या काकांचा स्टेक. चूक माझी, आधी विचारायला हवं होतं.

उत्तर असं: दोन पंगतींच्या मध्ये तवा खरवडतात, पाणी टाकतात, फडक्याने पुसतात. साबणाने घासत नाहीत. स्वच्छतेच्या दृष्टीने हे वाईट नाही, त्या तापमानाला तव्यावर जंतू तगत नाहीत. जंतूंची धास्ती बाळगायची असेल तर तव्यापेक्षा कच्च्या चिकनला लागलेला कालथा शिजलेल्या भाताला लागतोय का, तिकडे लक्ष ठेवा. (चिकन आतपर्यंत 74 अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे, असं अमेरिकी कृषी खातं सांगतं.) पण आईंचा प्रश्न जंतूंचा नव्हता, सोवळ्याओवळ्याचाही नव्हता. गळ्यातल्या माळेचा होता, आणि त्याला तापमानाचं उत्तर देऊन भागत नाही.

शाकाहारी माणूस बरोबर असेल तर बुकिंग करतानाच सांगावं. काही ठिकाणी भाज्या सगळ्यात आधी करून देतात, काही ठिकाणी आतल्या स्वयंपाकघरात वेगळ्या भांड्यात. तवा सोडून बाकीच्या जागाही लक्षात ठेवाव्या लागतात. सुरुवातीचं पातळ सूप दिसायला कांद्याचं, पण ते बऱ्याचदा चिकनच्या किंवा बीफच्या रसावर केलेलं असतं. फ्राइड राइसमध्ये अंडं. यम यम सॉसमध्ये मेयॉनीज, म्हणजे पुन्हा अंडं. जैन मंडळींनी तर कांदा-लसणाचा विचार करून हा बेत सोडूनच द्यावा हे बरं.

ॲलर्जीचं प्रकरण याहून गंभीर. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी ज्या प्रथिनामुळे बहुधा होते, ते शिजवल्याने नष्ट होत नाही. तव्याला लागलेला अंश पुरतो, आणि काहींना वाफेनेही त्रास होतो. फोडणीचा ठसका लागायला फोडणी खावी लागत नाही, तसं. अशा माणसाने 'मी कोळंबी घेणार नाही' म्हणून भागत नाही, कारण शेजारचा घेणार असतो आणि तवा एकच. सोया सॉसमध्ये गहू असतो हेही ग्लुटेन टाळणाऱ्यांच्या ध्यानात नसतं.

आईंनी शेवटी सॅलड घेतलं आणि आतून आलेला साधा वाफवलेला भात. वर मेतकूट. ते त्यांच्या पर्समध्ये होतं, मला माहीतच नव्हतं.

बिलाचं काय?

थोडक्यात सांगते. सहा-आठ जणांचा घोळका असला की बरीच रेस्टॉरंट 18 ते 20 टक्के टिप बिलातच लावून टाकतात. सही करण्याआधी ती ओळ वाचा, नाहीतर दोनदा द्याल. आमच्यातल्या एकाने दिली. जपानमध्ये टिपेची पद्धतच नाही, पण हा भाग जपानी ठेवण्याचं कोणाला सुचलेलं दिसत नाही. आणि जाताना चांगला स्वेटर घालू नका. धुराडं कितीही ओढो, तेलाचे बारीक कण कपड्यांत बसतात आणि दोन दिवस तुम्ही भाजलेल्या कांद्यासारखे दरवळता.

बाहेर पडलो तेव्हा दाराशी पुढची आठ डोकी मोजणं चाललं होतं. त्यात एक आजोबा रिकाम्या टेबलाकडे हात करून काहीतरी विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर आई गॅसपाशी उभ्या. घावनाचं पीठ भिजवलेलं, बिडाचा तवा तापत ठेवलेला, आणि त्या बोटांनी पाणी शिंपडून वाकून बघत होत्या.

"चर्र झालं," त्या म्हणाल्या. "मोती नाही झाले. थांब जरा."